तीनशे सोळा टाका, विषय संपवा?

मंडळी, परदेशी राहणाऱ्या इंजिनिअरला गावाकडून जे फोन येतात ते साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला, "आमच्या बंड्याचं तिकडे कुठं जमतंय का बघ." दुसरा, "तुला एक छोटासा टेक्निकल प्रश्न विचारायचा होता." पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या प्रकारात गेल्या कित्येक वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "बॉयलरच्या (किंवा भट्टीच्या, ओव्हनच्या, जनरेटरच्या) धुराचा डक्ट गंजून गेला. आता स्टेनलेसमध्ये करतोय. तीनशे सोळा टाकलं की विषय संपला ना?"

विचारणारा बहुतेक वेळा ऑर्डर देऊन मोकळा झालेला असतो. त्याला फक्त 'हो' ऐकायचं असतं. मी 'हो' म्हणत नाही म्हणून दोन-तीन नातेवाईक थोडे नाराजही आहेत. पण माझं मत आता पक्कं झालंय: गरम धुराच्या बाबतीत ३१६ हे आपल्याकडे पोलाद राहिलेलं नाही, तो ताईत झालाय. आणि ताईताचा तोटा असा, की तो एकदा बांधला की माणूस पुढचे प्रश्न विचारायचं थांबतो.

माझं ऑफिस हार्बरफ्रंटला. सिंगापूर बघायला येणारे आपले पर्यटक सेंटोसाला जातात ते इथूनच. डोक्यावरून केबल कार, बाजूला व्हिवोसिटी नावाचा अवाढव्य मॉल, समोर केपेल बंदराचं पाणी आणि कधी कधी धक्क्याला लागलेलं क्रूझ जहाज. पर्यटक फोटो काढतात ते जहाजाच्या बाल्कन्यांचे. मी बघतो त्याचं धुराडं. (बायकोच्या मते हा आजार आहे आणि त्यावर औषध नाही.) पण खरं सांगतो, धूर आणि धातू यांचा शंभर वर्षांचा इतिहास या एका छोट्या पट्ट्यात उभा आहे. ती लाल विटांची देखणी इमारत दिसते ना, ते सेंट जेम्स पॉवर स्टेशन. १९२७ साली सुरू झालेलं, कोळशावर चालणारं, सिंगापूरच्या नगरपालिकेचं पहिलं वीजकेंद्र. १९७६ मध्ये ते बंद पडलं, मग तिथं गोदाम झालं, मग नाईटक्लब झाले, आणि २०२२ पासून तिथं डायसन या व्हॅक्यूम क्लीनरवाल्या कंपनीचं मुख्यालय आहे. काजळी ओकणाऱ्या इमारतीत आता धूळ ओढणाऱ्या कंपनीची माणसं बसतात, याची मला दर वेळी गंमत वाटते. थोडं पुढे किंग्ज डॉक, १९१३ सालची सुकी गोदी. जिथं जहाजांची पोटं खरवडली जायची तिथं आता परवडणार नाहीत असे फ्लॅट आहेत. जहाजदुरुस्ती पश्चिमेला तुआसकडे गेली. धूर मात्र कुठंही गेलेला नाही.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी जहाज नको, तुमच्या घरासमोर उभी असलेली गाडी पुरे.

गाडीचा सायलेन्सर कुठून सडतो ते आठवून बघा. इंजिनाला चिकटलेला पुढचा भाग अक्षरशः लाल होण्याइतका तापतो, पण तो वर्षानुवर्षं टिकतो. सडतो तो मागचा डबा, जिथं धूर बऱ्यापैकी निवलेला असतो. आणि त्यातही कोणाच्या गाडीचा आधी सडतो? पुण्याहून नागपूरला ये-जा करणाऱ्याच्या नव्हे. रोज सकाळी दीड किलोमीटरवर भाजी आणायला जाणाऱ्या निवृत्त काकांच्या! कारण त्यांचा मागचा डबा कधी पुरता तापतच नाही. धुरातली वाफ तिथं थंड होऊन पाणी होते, त्या पाण्यात धुरातली आम्लं विरघळतात, आणि गाडी बंद करून काका घरात गेले की ते पाणी रात्रभर तिथंच बसून राहतं.

एवढं एक उदाहरण ज्याला नीट समजलं त्याला या विषयातलं निम्मं समजलं. धुराच्या वाटेवर सर्वांत गरम जागा ही सर्वांत धोक्याची जागा असतेच असं नाही. धोका असतो तो जिथं धूर निवतो तिथं, आणि मशीन चालू असतानापेक्षा बंद असताना जास्त. आपण मात्र विचारतो, "किती डिग्रीचं स्टील आहे हे?"

आता थोडं धातूबद्दल. स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो, फक्त त्याला ऑक्सिजन मिळाला पाहिजे. म्हणजे संरक्षण करतो तो हा पापुद्रा. तो टिकला तर स्टेनलेस, नाही टिकला तर नुसतंच महाग लोखंड. ३०४ मध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम. जास्तीचे पैसे मुख्यतः या मॉलिब्डेनमचे (आणि थोड्या जास्तीच्या निकेलचे). आणि मॉलिब्डेनमचं मुख्य काम आहे ओल्या, क्लोराईडवाल्या जागी सुईच्या अग्रासारखे खड्डे पडू न देणं.

ओल्या जागी, बरं का. कोरड्या आणि लालभडक डक्टमध्ये मॉलिब्डेनमला फारसं काम नसतं. तिथं पृष्ठभागावर जी पपडी धरते आणि सुटते, त्या बाबतीत ३०४ आणि ३१६ यांची मर्यादा जवळपास सारखीच, कोरड्या हवेत सलग वापराला नऊशे डिग्रीच्या आसपास. (तापलेल्या अवस्थेत वजन पेलायचं असेल तर ३१६ थोडं सरस आहे, हे मान्य. पण डक्टचं वजन पेलायला सहसा बाहेरून आधार असतोच.) त्याहून वर जायचं तर पंचवीस टक्के क्रोमियम आणि वीस टक्के निकेलचं ३१०एस आहे, किंवा सिलिकॉन आणि चिमूटभर सिरियम घातलेलं २५३एमए आहे. ही दोन्ही अकराशेपर्यंत जातात. आणि उलट, धूर सहाशे-साडेसहाशेच्या आतला, कोरडा आणि स्वच्छ असेल तर अकरा टक्के क्रोमियमचं ४०९, तेच ते गाड्यांच्या सायलेन्सरचं स्वस्त पोलाद, बिनतक्रार चालतं.

पण इथंही 'जास्त महाग म्हणजे जास्त चांगलं' हा नियम फसतो. धुरात गंधक भरपूर आणि ऑक्सिजन अपुरा असेल तर निकेल हाच शत्रू होतो. निकेल आणि निकेल सल्फाईड यांचं मिश्रण साडेसहाशे डिग्रीच्या आतच वितळतं. म्हणजे तुम्ही विकत घेतलं अकराशे डिग्रीचं ३१०, आणि ते सातशेलाच आतून पाझरून पोखरलं गेलं. अशा जागी निकेल जवळजवळ नसलेलं, जास्त क्रोमियमचं ४४६ बरं. फर्नेस ऑईल जाळत असाल तर त्याच्या राखेतलं व्हॅनेडियम आणि सोडियम हे आणखी एक दुखणं. ती राख सहाशेच्या आसपास चिकट, वितळलेली होते आणि पापुद्रा धुऊन काढते. आमच्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी स्पेंट वॉश जाळणारे बॉयलर बसवले, त्यांच्या राखेत पोटॅश, सल्फेट, क्लोराईड सगळंच असतं. तिथं तर बगॅसच्या बॉयलरचा अनुभव डोळे झाकून वापरणं म्हणजे गाईच्या औषधाने घोड्याला बरं करणं. (आमच्याकडे म्हणजे महाराष्ट्रात. इतकी वर्षं झाली तरी माझं 'आमच्याकडे' काही बदललेलं नाही.)

शिवाय प्रसरण. दहा मीटरचा डक्ट चारशे डिग्रीने तापला तर साध्या पोलादाचा सुमारे पाच सेंटिमीटर वाढतो, ३०४ किंवा ३१६ चा सात. जुना एमएसचा डक्ट काढून त्याच आधारांवर, त्याच मापाच्या बेलोज ठेवून स्टेनलेसचा बसवला की ते जास्तीचे दोन सेंटिमीटर कुठंतरी बाहेर येणारच. ते वेल्डिंगच्या सांध्यातून येतात. मग लोक म्हणतात, "स्टील डुप्लिकेट निघालं."

आता थंड बाजू, जिथं खरी गोष्ट आहे. गंधक असलेलं इंधन जाळलं की मुख्यतः सल्फर डायऑक्साईड होतो, आणि त्यातला एक लहानसा हिस्सा ट्रायऑक्साईड. हा ट्रायऑक्साईड वाफेशी जुळून सल्फ्युरिक आम्ल होतो. आणि हे आम्ल शंभर डिग्रीला नव्हे, त्याच्या बरंच आधी, १२० ते १५० डिग्रीच्या दरम्यान धातूवर दवासारखं धरतं. म्हणजे हात लावला तर चटका बसेल अशा पत्र्यावर आतून आम्लाचं दव! आणि तेही पातळ नाही, सत्तर-ऐंशी टक्के तीव्रतेचं. या गरम, तीव्र आम्लात ३१६ची डाळ शिजत नाही. गंमत म्हणजे त्या पट्ट्यात, थोडं तांबं आणि अँटिमनी घातलेलं साधं कमी मिश्रणाचं पोलाद ३१६ पेक्षा चांगलं टिकतं. जपानी लोकांनी ते खास याच कामासाठी तयार केलं. ते स्टेनलेस नाही, चकाकत नाही, आणि किंमतही कमी. म्हणूनच कदाचित ते कोणाला विकत घ्यावंसं वाटत नाही.

एक प्रत्यक्ष घटना सांगतो. महाराष्ट्रातल्याच एका कारखान्यातली, नाव घेत नाही. फर्नेस ऑईलवर चालणारी भट्टी, धूर शेडमधून बाहेर नेणारा एमएसचा डक्ट. तीन-चार वर्षांनी त्याला भोकं पडली. मालकांनी खर्चाकडे न बघता ३१६एल चा नवा डक्ट केला. सव्वा वर्षात त्याला पुन्हा भोकं, आणि तीही बरोबर त्याच जागी, शेडच्या भिंतीबाहेर. मग काय केलं? त्याच ३१६एल चा, पण दुप्पट जाडीचा! दरम्यान रात्रपाळीला शेडमध्ये धूर येत होता. भट्टीवरच्या माणसाचे डोळे चुरचुरायचे, खोकला हटायचा नाही. त्यावर उपाय म्हणून त्याला काय सांगितलं गेलं, तर खिडकी उघडी ठेव. तो खोकणारा माणूस परचेसच्या कोणत्याच कागदावर नव्हता.

शेवटी कोणीतरी एक साधा थर्मामीटर पत्र्याला लावला. धूर अडीचशेचा होता, त्यामुळे सगळे निश्चिंत होते. पण भिंतीबाहेर लॅगिंगच संपवलेलं होतं (पैसे वाचवले होते!) आणि तिथं पत्रा निघाला पंच्याण्णव डिग्रीचा. धूर किती गरम आहे याला अर्थ नाही हो, पत्रा किती गरम आहे ते बघा. पुढे लॅगिंग चिमणीपर्यंत नेलं, एका सैल फ्लँजमधून आत शिरणारी थंड हवा बंद केली, आणि बंद करताना शेवटची दहा मिनिटं गरम हवा फिरवायची पद्धत पाडली. मग तिथं साधं पोलादसुद्धा चाललं असतं. स्टेनलेसचे पैसे गेले ते गेलेच.

आता परत हार्बरफ्रंटच्या खिडकीत. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांना इंधनात अर्ध्या टक्क्याहून जास्त गंधक चालत नाही. आधी साडेतीन टक्के चालायचं. पण नियमात एक वाट आहे. महागडं स्वच्छ इंधन घ्यायचं नसेल तर गंधकवालंच जाळा आणि धुराड्यात स्क्रबर बसवून धूर धुऊन काढा. पाच हजारांहून जास्त जहाजांनी हीच वाट धरली, क्रूझवाले त्यात अगदी पुढे होते. सिंगापूर हे जहाजांना इंधन विकणारं जगातलं सर्वांत मोठं बंदर. २०२४ मध्ये इथं सुमारे ५ कोटी ४९ लाख टन इंधन विकलं गेलं, आणि त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त अजूनही तेच जुनं गंधकवालं होतं.

धुराडं धुवायचं कशाने? समुद्राच्या पाण्याने. म्हणजे वरून येतो अडीचशे-तीनशे डिग्रीचा गंधकाचा धूर, त्यावर मारायचं लिटरला एकोणीस ग्रॅम क्लोराईड असलेलं पाणी, आणि ते पाणी आत उतरताना व्हिनेगरइतकं आंबट होत जातं. धातूच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधायची तर कष्ट घ्यावे लागतील. क्लोराईडचे खड्डे सोसण्याची ताकद मोजायला आमच्या धंद्यात एक ढोबळ आकडा आहे: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या सव्वातीन पटीहून किंचित जास्त, अधिक नायट्रोजनच्या सोळा पट. ३१६एल चा हा आकडा चोवीसच्या आसपास येतो. साध्या, थंड समुद्राच्या पाण्यालाही चाळीसच्या वर लागतो. म्हणून इथं सहा टक्के मॉलिब्डेनमचं २५४ एसएमओ वापरतात (आकडा त्रेचाळीस), किंवा सुपर डुप्लेक्स, आणि गरम धूर जिथं पहिल्यांदा पाण्याला भेटतो त्या सर्वांत वाईट पट्ट्यात सी-२७६ सारखे निकेलचे मिश्रधातू.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती यापुढची. सिंगापूरने त्याच दिवसापासून, १ जानेवारी २०२० पासून, आपल्या बंदराच्या हद्दीत स्क्रबरचं हे धुवण समुद्रात सोडायला बंदी घातली. उत्तम निर्णय, मासे तरी सुखी. पण याचा अर्थ काय झाला? उघड्या पद्धतीचा स्क्रबर असलेलं जहाज बंदरात शिरताना पाणी बंद करतं आणि स्वच्छ इंधनावर जातं. आता त्याच ओल्या, खारट स्क्रबरमधून कोरडा, गरम धूर जायला लागतो. पाणी उडून जातं, मीठ भिंतीवर राहतं. बाहेर पडल्यावर पुन्हा पाणी. पुन्हा बंदर, पुन्हा कोरडं. ओलं-सुकं, ओलं-सुकं. गरम पोलाद, साचलेलं मीठ आणि वेल्डिंगमुळे आत राहिलेला ताण हे तिघं एकत्र आले की ३१६ सारख्या पोलादाला केसासारख्या चिरा जातात, आणि त्या बाहेरून दिसतही नाहीत. डुप्लेक्स चिरांना दाद देत नाही, पण ते तीनशे डिग्रीच्या वर सतत ठेवलं तर हळूहळू ठिसूळ होतं. म्हणजे बंदराच्या ऑफिसात एक नियम निघाला आणि जहाजाच्या पोटातल्या धातूची कुंडली बदलली. ज्यांनी पोलाद निवडताना 'बंद असताना काय होईल' हा प्रश्न विचारला होता त्यांनी गोड्या पाण्याने धुवायची सोय आधीच ठेवली होती. बाकीच्यांनी वेल्डर बोलावले.

आणि इथं कोणी 'परदेशात सगळं कसं शिस्तीत' असं म्हणू नये म्हणून हेही सांगतो. २०१९-२० च्या घाईत बसवलेल्या अनेक स्क्रबरांचे धुवण बाहेर सोडणारे पाईप, जहाजाच्या अंगाला जोडतात त्या जागी, आतलं कोटिंग नीट न लावल्यामुळे काही वर्षांत, काही ठिकाणी त्याच्याही आधी, फुटले आणि इंजिन रूममध्ये पाणी शिरलं. जहाजांच्या विमावाल्यांनी त्यावर इशारे काढले. कोटिंग घाईत का लागलं? कारण गोदीतला एकेक दिवस पैशात मोजला जातो, आणि जहाज पाच वर्षांनी दुसऱ्याच मालकाचं होणार असतं. लोएस्ट बिडरचा रोग काही आपलीच मिरासदारी नाही. फरक इतकाच की तुआसच्या गोदीत, धुराड्याच्या आत गुडघे मोडून बसून तो तुकडा कापणारा माणूस बहुतेक वेळा तमिळनाडूचा किंवा बांगलादेशचा असतो. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतो. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ मध्ये पक्कं ठरवलं. चुकीचं पोलाद निवडलं की ते काम एकदाऐवजी तीनदा होतं, आणि तो माणूस त्या नळकांड्यात तीनदा शिरतो. पोलाद निवडणाऱ्याने आत शिरायचं नसतं. माझा या सगळ्यावरचा खरा राग इथं आहे.

धूर समुद्राच्या पाण्याने धुवायची ही विद्या आपल्याला नवीन आहे असंही नाही. ट्रॉम्बेला टाटांच्या वीजकेंद्रात ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आली. आणि डहाणूची गोष्ट तर अभिमानाने सांगण्यासारखी. पाचशे मेगावॉटचं केंद्र, आजूबाजूला चिकूच्या बागा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणूसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९९ मध्ये त्या प्राधिकरणाने सांगितलं, धुरातलं गंधक काढा. कंपनीने भांडून पाहिलं, प्राधिकरण हटलं नाही, आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा तिथं सुरू झाली. म्हणजे आज हार्बरफ्रंटला उभ्या असलेल्या जहाजाच्या धुराड्यात जे रसायन चालतं तेच डहाणूला बरीच वर्षं आधी चाललंय. देशातल्या बाकी कोळसा केंद्रांसाठी २०१५ मध्ये निघालेला नियम मात्र पुढे पुढे ढकलत जुलै २०२५ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के क्षमतेला गंधक काढण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं हा त्यातला युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण 'यंत्रणा फार महाग' हा जो दुसरा सूर होता, त्यावर एक धातुवाला म्हणून सांगतो: अशा यंत्रणेत आख्खा डक्ट महागड्या धातूचा करतच नाहीत. बाहेरून साधं पोलाद, आणि आतून फक्त ओल्या, थंड पट्ट्यात निकेलच्या मिश्रधातूचा दीड मिलिमीटरचा पत्रा, भिंतीला वॉलपेपर लावावा तसा. कुठं काय लागतं ते माहीत असेल तर खर्च आटोक्यात येतो. माहीत नसेल तर सगळीकडे ३१६ टाकून तो वाढवता येतो, वर टिकणार नाही ते वेगळंच.

आता खरेदीबद्दल, कारण निम्मा घोळ तिथं होतो. आपल्याकडे अजूनही स्टेनलेस तपासायचं म्हणजे खिशातून मॅग्नेट काढायचा. चिकटला तर 'हलकं', नाही चिकटला तर 'असली'. भांड्यांच्या दुकानात आजीने हे केलं तर ठीक आहे. पण डक्टच्या बाबतीत ही परीक्षा उलटी पडते. सायलेन्सरचं ४०९ चिकटतं आणि योग्य जागी उत्तम चालतं. डुप्लेक्स चिकटतं आणि खड्ड्यांच्या बाबतीत ३१६ च्या कितीतरी पुढे आहे. आणि निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं दोनशेच्या मालिकेतलं स्वस्त पोलाद, जे बाजारात बिनदिक्कत '३०४ सारखंच' म्हणून खपवतात, ते मात्र चिकटत नाही! हल्ली पिस्तुलासारखं यंत्र पत्र्यावर धरून घटक सांगणारी सेवा पुण्या-मुंबईत सहज मिळते. ती जरूर घ्या, पण तिच्यातल्या नेहमीच्या एक्स-रेवाल्या यंत्राला कार्बन दिसत नाही. म्हणजे ३१६ आणि ३१६एल मधला फरक, ज्या 'एल'साठी तुम्ही वेल्डिंगनंतरच्या गंजापासून सुटका व्हावी म्हणून पैसे मोजले, तो त्याला कळत नाही. त्यासाठी ठिणगीवालं यंत्र लागतं, नाहीतर मिलचं सर्टिफिकेट आणि पत्र्यावरचा हीट नंबर जुळवून बघावा लागतो. आणि ज्या ग्राइंडिंग व्हीलने सकाळी एमएस घासलं तेच दुपारी स्टेनलेसला लावू नका असं फॅब्रिकेटरला लेखी द्या. त्या लोखंडाच्या कणांपासूनच पहिले तांबूस ठिपके सुरू होतात.

तर पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा ग्रेड विचारू नका. मला हे सांगा: इंधन कोणतं आणि त्यात गंधक-क्लोरीन किती. धूर निघतो तिथपासून चिमणीच्या टोकापर्यंत दर काही मीटरवर पत्र्याचं तापमान काय, धुराचं नव्हे. यंत्र दिवसातून किती वेळा बंद होतं, बंद झाल्यावर आत काय साचतं, ते कुठून निथळतं, आणि धुता कशाने. हे मोजायला शंभर-दोनशे रुपयांचे थर्मोकपल आणि एका माणसाचे दोन दिवस लागतात. एवढा कागद हातात आला की बहुतेक वेळा एका डक्टला तीन वेगवेगळी पोलादं निघतात, गरम टोकाला एक, मध्ये साधं, आणि शेवटच्या थंड तुकड्याला एक महागडं. एकूण बिल सगळीकडे ३१६ टाकण्यापेक्षा कमी आलेलं मी अनेकदा पाहिलंय.

मामेभावाने मागच्या महिन्यात असा कागद पाठवला, हाताने लिहिलेला, व्हॉट्सॲपवर. चिमणीच्या पायथ्याशी एकशे आठ डिग्री. लॅगिंग तिथं उंदरांनी कुरतडलं होतं.